उजव्या स्पीकरची जागा

हे घडलेलं आहे.

कुणाला पटावं म्हणून सांगत नाहीये. ज्यांना पटणार नाही त्यांनी तळवड्याला जावं, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उभं राहावं आणि उजव्या कोपऱ्यात एक टाळी वाजवावी. मग बोलू.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तीन पाळ्यांच्या कंपनीत कधी काम केलेलं नसतं.

भर दुपार होती. गुरुवार होता. आमच्या पिंपरीच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, आणि दुरुस्तीच्या नावाखाली लाइटही गुरुवारीच घालवतात.

ज्याच्या बाबतीत घडलं तो कुलदीप. माझ्या मावसबहिणीचा, स्वरूपाचा नवरा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्याने केलेल्या मालात खोट काढायची, हे त्याचं काम. घरी आल्यावरही तो तेच करतो, फक्त पगार मिळत नाही.

अर्धी गोष्ट त्याने सांगितली. जे त्याने गाळलं ते स्वरूपाने सांगितलं. म्हणून दोन बाजू वेगळ्या ठेवतोय.

डावीकडे कुलदीप. उजवीकडे त्याचं घर.

डावा

कुलदीपच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना कान आहेत. दुसरी, ज्यांना नुसत्या कानाच्या पाळ्या आहेत. पहिल्या प्रकारात तो एकटाच.

माझ्या घरचा साउंडबार ऐकून तो म्हणाला होता, "हा आवाज नाहीये राव. ही तक्रार आहे."

मेव्हण्याच्या लग्नातल्या डीजेसमोर तो कानात कापूस घालून उभा राहिला होता. फोटोतही तसाच. शेजारच्या गणराजने हौसेने होम थिएटर आणलं, तर याने पेढा खाता खाता सांगितलं, "पाच स्पीकर आहेत म्हणून पाचपट चांगलं वाजत नसतं, भावा. पाच कावळे आणलेस."

तर अशा माणसाला टॉवर स्पीकर घ्यायचे होते. जमिनीवर उभे राहतात ते, कमरेपर्यंत येणारे उंच खोके. जोडी. आणि बजेटमधले. कारण मत कितीही महाग असलं तरी हप्ते बाइकचे चालू होते.

पिंपरीत नदीमचं दुकान आहे. तिथे तो शनिवारमागून शनिवार जाऊन बसला. एकेका खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा.

"कुलदीपभाऊ, स्पीकर घेताय का कलिंगड?" नदीम म्हणाला.

"पोकळ आहे हा. आत पुठ्ठा भरलाय."

"अहो, बजेटमध्ये सागवान येतं का?"

"तुझ्या कुठल्याच गिऱ्हाईकाला कळत नाही, म्हणून तू हे विकतोस."

"खरंय. कळणारं एकच गिऱ्हाईक आहे," नदीम म्हणाला, "आणि ते काही घेतच नाही."

शेवटी घेतले. काळे, बारीक, जरा तोऱ्यात उभे राहणारे. नदीमने रिक्षात चढवून दिले तेव्हा कुलदीपने एवढंच सांगितलं, "लक्षात ठेव, निम्मं काम स्पीकर करतो. निम्मं काम जागा करते."

हे वाक्य त्याने कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं होतं. पण ते खरं निघालं.

उजवा

घर त्याच्या वडिलांचं. ज्योतीराम. बार्शीकडून आलेले, सगळी नोकरी फोर्जिंगच्या हॅमर शॉपमध्ये, यंत्राच्या घणाखाली तापलं लोखंड ठोकण्यात गेली. कान तिथेच राहिले. आता रिटायर आहेत, काही ऐकू येत नाही, आणि स्वतःलाच ऐकू येत नसल्यामुळे बोलतात ते अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं.

हॉलमध्ये उजव्या कोपऱ्यात एक लोखंडी कॉट आहे. जुनी. हिरवा रंग उडालेली.

रात्री त्या कॉटवर ज्योतीराम झोपतात.

सकाळी उठले की चादर स्वतः झटकतात. सुरकुती राहू देत नाहीत. उशी फिरवून ठेवतात.

आणि मग संध्याकाळपर्यंत... त्या कॉटवर कुणी बसायचं नाही.

पाहुणा आला तरी नाही. मांजरही नाही. सुमनताई, म्हणजे कुलदीपची आई, दुपारी मिक्सर लावत नाहीत. कुकरची शिट्टी सकाळीच उरकून घेतात. फोन आला तर गॅलरीत जातात.

लग्न होऊन आल्यावर स्वरूपाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "आई, दुपारी इतकं हळू का बोलायचं?"

"सवय गं," सुमनताई म्हणाल्या होत्या. "पाळीवाल्यांचं घर."

स्वरूपाला ते पटलं. ती आयटीतली असली तरी वाढली निगडीत. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला आणि पोरं खुणेने भांडतायत, हे इकडच्या घराघरात झालेलं आहे.

पण एक गोष्ट तिला कधी पटली नाही.

संध्याकाळी सासरे कॉटवर टेकायला येत, तेव्हा सकाळी ताणून बसवलेल्या त्या चादरीवर... सुरकुत्या असत.

आणि उशीत खळगा.

डावा

दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांचा त्रिकोण झाला पाहिजे. भिंतीपासून वीतभर नाही, चांगलं हातभर लांब. दोन्ही जरा आतल्या बाजूला वळवलेले. मग गाणारा डाव्यातूनही येत नाही आणि उजव्यातूनही येत नाही. मधे, जिथे काहीच नाही, तिथे उभा राहून गातो.

हे कुलदीपने जेवताना सगळ्यांना सांगितलं. वरणाच्या वाटीने आणि लोणच्याच्या बरणीने त्रिकोण करून दाखवला.

बरणी कॉटच्या जागी आली.

"कॉट हलवावी लागेल," तो म्हणाला.

सुमनताईंचा घास हातात राहिला.

"कॉट हलवायची न्हाई."

"का? बाबांना आतल्या खोलीत टाकून देऊ ना बेडवर. कंबर तरी सुधारेल."

"बाबांचं न्हाई रे. रात्री त्यांना कुठंबी चालतंय. दिवसाचं काय?"

"दिवसाचं काय म्हणजे?"

सुमनताईंनी नवऱ्याकडे बघितलं. ज्योतीराम खाली मान घालून जेवत होते. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं.

मग लहानपणापासून त्याला 'पाळीवाल्यांची सवय' म्हणून टाळलेलं ते त्यांनी सांगितलं.

उजवा

लग्नाआधी ज्योतीराम आणि बबनराव एका खोलीत राहायचे. एकाच गावचे. एकाच हॅमरवर कामाला. एक दिवसपाळी, एक रात्रपाळी. मशीन एक, माणसं दोन.

कॉटही एक. दोघांनी अर्धे अर्धे टाकून घेतलेली. एक उठला की दुसरा आडवा. गादी कधी गार झाली नाही म्हणतात.

हॅमर शॉपमध्ये एक नियम असतो. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला, की मगच तुम्ही सुटलात. तो आला नाही तर तुम्ही तिथेच. मग डबल ड्यूटी करा नाहीतर उभ्याने झोपा.

एका संध्याकाळी बबनराव डबा घेऊन, बूट घालून खोलीतून निघाले.

कंपनीत पोचले नाहीत.

गावी गेले नाहीत. दवाखान्यात नाहीत. रुळावर नाहीत. कुठेच नाहीत.

ज्योतीराम रात्रभर त्यांच्या वाटचं काम ओढत राहिले. सकाळी बदली माणूस आला तेव्हा सुटले, खोलीवर आले आणि कॉटवर पडायला गेले...

तर तिथे पडता येईना.

"पडता येईना म्हणजे?" कुलदीपने विचारलं.

"कुणी झोपलेल्या मान्सावर तू पडशील का?" सुमनताई म्हणाल्या.

तेव्हापासून दिवस बबनरावांचा आणि रात्र ज्योतीरामांची. कुणी कुणाला त्रास दिला नाही. सुमनताई लग्न करून आल्या, घर झालं, कॉट इथे आली. पाळी चालू राहिली.

"एकदाच मोडली," त्या म्हणाल्या. "तुज्या बारशाला. तुज्या मामानं हौसेनं लाऊडस्पीकर लावला, भर दुपारचा. त्यांची झोप मोडली. उठून निघून गेले. आणि तुजे बाबा..."

"काय बाबा?"

"जाऊन आडवे झाले. कॉट रिकामी ठेवून कसं चालंल? समोरचा येईस्तोवर जागा सोडायची न्हाई, त्येंच्या अंगातच हाय ते. आठवडा झाला तरी उठले न्हाईत. चमच्यानं पेज पाजली मी. मंग एक दिवस ते परत आले, आन् तुजे बाबा उठून चहा मागाय लागले. त्या येळंला आले. परत येतीलच, असं कुणी लिहून दिलंय का?"

कुलदीप ऐकत होता. मग हसला. तोंडात घास असताना हसला.

"म्हणजे अर्ध्या कॉटचा मालक," तो म्हणाला, "अजून वसुली करतोय."

"कुलदीप," स्वरूपा म्हणाली.

"अगं, बाबांना ताप आला असेल तेव्हा. टायफॉइड. हे लोक ना, डॉक्टरकडे जायला नको म्हणून भूत पाळतात."

हे लोक. आईसमोर, बापासमोर, त्यांच्याच ताटात जेवताना.

सुमनताई ताट उचलून आत गेल्या. ताट ठेवल्याचाही आवाज झाला नाही.

डावा

गुरुवार.

सुमनताई सकाळीच बसने आळंदीला गेलेल्या. ज्योतीराम जेवून गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, पेपर तोंडावर. स्वरूपा घरून काम करत होती. लाइट गेलेली, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर.

कुलदीपला लाइट गेल्याचा आनंद झाला. पंखा बंद, फ्रिज बंद. खोली तपासायला अशी शांतता विकत मिळत नाही.

खोली कशी तपासायची? टाळी वाजवायची. आवाज भिंतीवर आपटून परत येतो. जिथे जास्त घुमतो तिथे पडदा लावायचा. साधी गोष्ट आहे.

डाव्या कोपऱ्यात टाळी.

ठण्ण. घुमली.

मागे, सोफ्याजवळ. घुमली.

दारापाशी. घुमली.

उजव्या कोपऱ्यात...

हात हातावर आपटले. झोंबले.

आवाज आला नाही.

घुमला नाही, असं नाही. आलाच नाही.

"गादी आवाज खाते," कुलदीप स्वतःशीच म्हणाला. गादी काढून सोफ्यावर टाकली. उघड्या पत्र्यावर टाळी.

नाही.

"स्वरूपा! जरा ये. कॉट आत न्यायचीय."

"आईंना विचारलंस?"

"कॉट उचलायला ठराव पास करायचा का आता?"

तिने एक बाजू धरली. त्याने एक.

पत्र्याची कॉट. दोन माणसांना सहज उचलावी अशी. पण ती उचलेना. दोघांनी दम धरून हिसका दिला तेव्हा कशीबशी सुटली, आणि जमिनीपासून वर येताच...

एकदम हलकी झाली. स्वरूपा मागे धडपडली.

"हे काय होतं?"

"गंजून फरशीला चिकटली असेल," कुलदीप म्हणाला.

कॉट आतल्या खोलीत गेली. कोपरा रिकामा. फरशीवर चार पायांचे डाग, एवढंच.

त्याने टाळी वाजवली.

नाही.

आता मात्र तो चिडला. घाबरला नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. चिडला. मोजमापात न बसणारा माल समोर आला की चिडतो तसा.

तो उकिडवा बसला आणि फरशीलगत टाळी वाजवली. वाजली.

उभा राहिला. डोक्यावर हात नेऊन वाजवली. वाजली.

मग गुडघ्याच्या उंचीवर...

नाही.

त्याच उंचीवर तो भिंतीकडून दाराकडे टाळ्या वाजवत सरकला. नाही. नाही. नाही. नाही. आणि मग एका जागी अचानक, वाजली.

एका आडव्या माणसाच्या लांबीएवढा तो पट्टा बहिरा होता.

कॉट आत होती. आणि कॉटवरचं... इथेच होतं.

"कुलदीप," स्वरूपा दारातून म्हणाली. "ठेव ते. मला नाही आवडत हे."

"बिल्डरने काय बांधलंय बघ. भिंतीत थर्माकोल भरलाय चोरांनी."

आणि त्याने उजवा स्पीकर उचलून बरोबर तिथेच ठेवला.

मधे

लाइट आली. पंखा फिरला. फ्रिज गुरगुरला.

कुलदीपने वायरी जोडल्या. लाल लालला, काळी काळीला. गाणं लावलं.

डावा सुंदर वाजला. खरंच सुंदर, स्वरूपाही म्हणते.

उजव्यातून काही नाही.

पण स्पीकरचा पडदा हलत होता. जाळी काढून बघितलं तर काळा गोल पडदा आतबाहेर, आतबाहेर. बोट लावलं तर थरथर लागत होती. आवाज तेवढा नाही.

वायर बदलली. तेच. डावा स्पीकर उजवीकडे आणला. तो मुका झाला. उजवा डावीकडे नेला. तो गायला लागला.

"स्पीकर ठीक आहेत," कुलदीप म्हणाला. "जागा खराब आहे."

त्याने स्पीकरच्या मागच्या भोकाला कान लावला. बाससाठी, खालच्या सुरांसाठी असतं ते, तिथून हवा येते-जाते.

आली... गेली.

आली... गेली.

संथ. लांब. मधेच घशात किंचित अडकणारी.

"बघ," तो म्हणाला, "पोर्ट काम करतोय. श्वासासारखं वाटतं ना? म्हणूनच लोक भुताखेताच्या..."

स्वरूपाने पुढे होऊन गाणं बंद केलं.

डावा थांबला.

उजव्याच्या मागे हवा...

आली. गेली.

आली. गेली.

"कुलदीप, ऊठ तिथून." ती कुजबुजत होती. का कुजबुजतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "कुणीतरी झोपलंय."

इथे कुठलाही शहाणा माणूस उठला असता. कॉट परत आणली असती, गादी घातली असती, चादर ताणली असती. आईने जे सांगितलं ते समोर श्वास घेत होतं. त्याला जागं केलं तर काय होईल, तेही तिने सांगितलं होतं. बाप पलीकडे गॅलरीत बसलेला होता.

पण कुलदीपला कान होते ना.

"झोपलंय?" तो म्हणाला. "मग उठवू की. आमच्या हॉलमध्ये दुपारी घोरायची परवानगी कुणी दिली?"

त्याने मोबाइलवर टेस्टचा आवाज शोधला. अगदी खालच्या सुरापासून वर वर चढत जाणारा. स्पीकरची कुवत तपासायला असतो तो. आणि व्हॉल्यूमची चकती शेवटपर्यंत फिरवली.

आधी ऐकू आलं नाही, पोटात कळलं. मग खिडकीच्या काचा. मग भांडी. मग दाराची कडी. फोटोतली आजी भिंतीवर वाकडी झाली. खालून कुणीतरी ओरडलं, "अरे ए, डोकं फिरलंय का?"

"कुलदीप, बास! बास कर!"

सूर चढत गेला...

चढत गेला...

आणि उजवा एकदम फुटल्यासारखा वाजला.

त्याने आवाज बंद केला. कान सुन्न झाले होते. चेहऱ्यावर मात्र विजय. पुढे झाला, वाकला, गुडघ्याच्या उंचीवर टाळी वाजवली.

ठण्ण.

घुमली. स्वच्छ. रिकाम्या कोपऱ्यासारखी.

"सुटला!" तो म्हणाला. "म्हणत नव्हतो? जागा मोकळी झाली."

आणि मग स्वयंपाकघरात...

डब्याची कडी लागली. स्टीलच्या. खट्ट.

बूट. चप्पल नाही, बूट. जड, पुढे लोखंड असलेले, कंपनीचे.

ते उजव्या स्पीकरसमोरून निघाले. मधे आले. डाव्यासमोरून गेले. कुलदीप सांगतो, इतका नेमका आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता. कुठलं पाऊल कुठे पडतंय, बोट ठेवून दाखवता आलं असतं.

दार उघडलं नाही. आतली कडी तशीच होती.

बूट जिन्यात वाजले. एक मजला. दुसरा. तिसरा. मग रस्त्याचा आवाज.

 

गॅलरीतली खुर्ची सरकली.

ज्योतीराम आत आले. एवढा गदारोळ होऊनही त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. काचा हादरल्या तरी पेपर तोंडावरून हलला नव्हता. पण ते आले, हॉलच्या मधोमध उभे राहिले, उजव्या कोपऱ्याकडे बघितलं.

"गेला का रं?" त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात.

कुणी उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

"येळ झाला नव्हता अजून," ते म्हणाले. "कुणी उठिवलं?"

चष्मा काढून टीव्हीवर ठेवला. चालत कोपऱ्यात गेले. स्पीकर हाताने बाजूला सारला, एखादं पोर वाटेतून बाजूला करावं तसा. आणि उघड्या फरशीवर, चार डागांच्या मधे, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"बाबा," कुलदीप म्हणाला. "बाबा, नाटकं बंद करा."

खांदा हलवला.

ते झोपले होते.

उजवा

डाव्या बाजूला आता काही नाही. इथून पुढचं कुलदीप सांगत नाही. हे सगळं स्वरूपाचं.

सुमनताई आळंदीहून प्रसाद घेऊन आल्या. दारातूनच त्यांना दिसलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आत जाऊन चादर आणली, नवऱ्यावर घातली आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "वाजले का चांगले?"

शेजारच्या गणराजने कॉट परत आणायला हात दिला. तोच, ज्याच्या पाच कावळ्यांवर कुलदीप हसला होता.

दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. बीपी चांगलं, शुगर चांगली, मेंदूचा फोटो चांगला. डॉक्टर म्हणाले, "झोपलेत." मग जरा ओशाळून म्हणाले, "म्हणजे... झोपलेतच." घरी आणलं.

पेज ओठांना लावली की गिळतात. डोळे उघडत नाहीत. रोज जरा जरा कमी गिळतात.

बारशाच्या वेळी आठवडा लागला होता. तो आठवडा गेला. मग महिनाही गेला. कॉटवर ज्योतीराम दिवसही काढतात आणि रात्रही.

बबनराव परत आले नाहीत.

कुलदीप वडिलांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर जाऊन आला. पाळी सुटायच्या वेळी बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघत उभा राहिला. ज्याला कधी बघितलं नाही त्याला ओळखायला. वॉचमनने हटकलं तेव्हा म्हणाला, "हॅमर शॉपमधल्या एकाला भेटायचंय."

"हॅमर शॉप?" वॉचमन म्हणाला. "तिथं आता गोडाऊन हाय साहेब. कोण झोपलं होतं का इतकी वर्षं?"

त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुलदीपने आईला नीट विचारलं. मान खाली घालून.

"ते आले नाहीत तर?"

"मंग रिलिव्हर पायजे."

"दुसरं कुणी?"

"कुणीबी. घरचं मानूस. शेजारी येऊन आडवा झाला की झालं. त्येंची सुटका."

 स्वरूपा म्हणते, तिघांनीही कॉटकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुलदीप ओव्हरटाइम घ्यायला लागला. घरी आला की स्वयंपाकघरातच उभ्याने जेवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावायचा. हॉलमध्ये टेकायचासुद्धा नाही. कान असलेला माणूस. बापाचा श्वास दारापलीकडून त्याला ऐकू येत असणार, आणि तो दिवसेंदिवस बारीक होतोय हेही.

आणि सुमनताई दुपारी कॉटच्या शेजारी चटई टाकून बसायला लागल्या.

बसायच्या नुसत्या. पाठ भिंतीला. पाय दुमडलेले.

परवा, सुट्टीच्या गुरुवारी, कुलदीपचा फोन आला. दुपारी.

मला वाटलं रडेल. वडिलांचं सांगेल. निदान काय करू असं तरी विचारेल.

"ते टॉवर काढतोय," तो म्हणाला. कुजबुजत. "तुला हवेत का? नव्यासारखेच आहेत. एकदाच वाजवलेत. तुझ्या त्या साउंडबारपेक्षा..."

"कुलदीप," मी म्हणालो, "काकांचं काय?"

तो किंमत सांगायला लागला.

"तू पडलास का तिथे? एकदा तरी?"

"मला कामावर जायचं असतं रे," तो म्हणाला. "माझं कसं जमणार?"

मी शिवी शोधत होतो. तेवढ्यात फोनमध्ये, त्याच्या मागून, लांबून...

कॉट करकरली.

कुणीतरी घसा खाकरला. आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा तो मोठा आवाज आला. मी तो लग्नात ऐकला होता, ओळखायला चूक होणं शक्य नाही.

"चहा टाक गं."

 

"सुमन?"

काही नाही.

"सुमन, अगं, खाली कुठं पडलीस? ऊठ की. ऊन उतरलं."

फोन कट झाला.

आत्ता हे लिहितोय, तर स्वरूपाचा फोन येतोय. मघापासून वाजतोय. थांबतो आणि परत वाजतो.

बाहेर टळटळीत दुपार आहे.